मुलीचा वजनगट ठरवताना

मुलगी तालमीत रुळली, पट काढायला शिकली, शालेय स्पर्धेत दोन-चार कुस्त्या मारून आली, की एक हिशेब सुरू होतो. पोरीचं वजन ५२ आहे. सतरा वर्षांखालच्या मुलींमध्ये ४९ चा गट आहे आणि ५३ चाही आहे. वस्ताद म्हणतात, "४९ मध्ये उतरवू, तिथं मैदान मोकळं आहे. तीन किलो काय, आठवड्यात तोडू." आईला पोर आधीच वाळल्यासारखी दिसते, पण तालमीच्या गोष्टीत तिचा शब्द चालत नाही. वडील वस्तादांच्या शब्दाबाहेर नसतात. मुलीच्या कारकिर्दीतला पहिला मोठा निर्णय असा उभ्या उभ्या होऊन जातो.

हा लेख त्या निर्णयाविषयी आहे, आणि माझं म्हणणं आधीच सांगते. वाढत्या वयाच्या मुलीला तिच्या अंगच्या वजनापेक्षा खालच्या गटात ओढू नये. तिला खाऊ द्यावं, वाढू द्यावं, आणि शरीर जिथं स्थिरावेल तिथं लढू द्यावं. दोन पदकं उशिरा आली तरी चालतील.

या बाबतीत विनेश फोगटची कारकीर्द प्रत्येक पालकाने नीट वाचावी अशी आहे. हरियाणातल्या बलाली गावची ही मुलगी, जन्म १९९४ चा. काका महावीर सिंह फोगट यांनी आपल्या मुलींबरोबर तिलाही आखाड्यात उतरवलं. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत तिने ४८ किलोत सुवर्ण घेतलं, २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला ५० किलोत आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला ५३ किलोत. २०१८ च्याच जकार्ता आशियाई स्पर्धेत ती ५० किलोत जिंकली. आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला कुस्तीगीर. आता हे आकडे पदकांच्या नव्हे, गटांच्या बाजूने पाहा: ४८, ५०, ५३. अंग भरत गेलं तशी ती वर सरकली आणि वर जाऊनही जिंकत राहिली. जागतिक स्पर्धेतली तिची दोन्ही कांस्यपदकं, २०१९ चं आणि २०२२ चं, ५३ किलोतली आहेत.

वजनाने तिचा घात केला तो खालच्या गटांत. एप्रिल २०१६ मध्ये मंगोलियात उलानबातारला रिओ ऑलिंपिकची पात्रता स्पर्धा होती. गट ४८ किलोचा. काट्यावर ४०० ग्रॅम जास्त भरले आणि ती लढण्याआधीच बाद झाली. पुढच्या महिन्यात इस्तंबूलला तिने जागा मिळवली, म्हणून ती गोष्ट लोक विसरले. आठ वर्षांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये जे झालं ते कोणी विसरणार नाही. पण तिथवर ती कशी पोचली, हे क्वचितच सांगितलं जातं. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षीच्या जागतिक स्पर्धेत अंतिम पंघालने कांस्य जिंकून ५३ किलोतली ऑलिंपिकची जागा देशाला मिळवून दिली. एका गटात एका देशाची एकच खेळाडू जाते. त्यामुळे विनेशला सहा वर्षांपूर्वीच्या ५० किलोत परत यावं लागलं.

६ ऑगस्ट २०२४ ला सकाळी वजन ४९.९ किलो भरलं. त्या दिवशी तिने टोकियोची विजेती युई सुसाकी हिला ३-२ असं हरवलं. आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर सुसाकी कोणाकडूनच हरली नव्हती. मग युक्रेनची ओक्साना लिवाच ७-५, क्यूबाची युस्नेलिस गुझमान ५-० आणि थेट अंतिम फेरी. दिवसभरात लढण्यापुरतं थोडं पाणी आणि थोडं अन्न पोटात गेलं होतं. संध्याकाळी वजन गटाच्या मर्यादेपेक्षा २.७ किलो जास्त निघालं. रात्रभर व्यायाम, सौना, अन्नपाणी बंद, शेवटी केसही कापले. सकाळी काटा ५०.१ वर थांबला. १०० ग्रॅमने तिची अंतिम फेरी गेली, आणि नियमाप्रमाणे ती थेट शेवटच्या स्थानावर गेली. तिच्या जागी गुझमान अंतिम फेरीत खेळली, सुवर्ण अमेरिकेच्या सारा हिल्डब्रँटने नेलं. क्रीडा लवादाने १४ ऑगस्टला विनेशची याचिका फेटाळली.

त्या रात्री कोणाचं चुकलं, यावर आपल्याकडे महिनोन् महिने वाद झाला. मला त्या रात्रीपेक्षा शरीराचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. झटपट उतरवलेल्या वजनात चरबी फारच थोडी असते. जातं ते आतड्यातलं अन्न, अंगातलं पाणी आणि स्नायूंत साठलेली साखर. ही साखर आपल्या वजनाच्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून साखर संपली की पाणीही जातं आणि काटा भराभर उतरतो. पण सुकलेलं शरीर पहिल्या घोटापासून तेच पाणी परत धरायला लागतं. ज्या मुलीचं रोजचं वजन गटापेक्षा चार-पाच किलो वर आहे, तिचं शरीर एका दिवसाच्या कुस्त्यांनंतर तिथंच परत जाऊ पाहणार. त्याला हट्ट म्हणा किंवा शहाणपण, ते कोणाचं ऐकत नाही.

इथं नियमाचा इतिहास ठाऊक हवा, कारण आपल्या बऱ्याच जुन्या मल्लांचा सल्ला जुन्या नियमावर उभा आहे. पूर्वी वजन कुस्तीच्या आदल्या संध्याकाळी व्हायचं आणि एकदाच व्हायचं. वजन दिलं की रात्रभर खाऊन-पिऊन सकाळी माणूस ताजातवाना. "आम्ही पाच-पाच किलो तोडायचो" असं वस्ताद म्हणतात तेव्हा ते खरंच सांगत असतात. पण २०१८ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत एक गट दोन दिवस चालतो आणि वजन त्या त्या दिवशी सकाळी होतं. पहिल्या सकाळी अर्धा तास मिळतो. अंतिम फेरीत किंवा रेपेचाजमध्ये (कांस्यासाठीच्या दुसऱ्या संधीत) पोचलेल्यांचं दुसऱ्या सकाळी पुन्हा वजन होतं, तेव्हा वेळ मिळतो १५ मिनिटं. म्हणजे जी चांगली लढते तिलाच दुसऱ्यांदा काट्यावर उभं राहावं लागतं. शालेय आणि जिल्हा पातळीवर वजन एकदाच होत असेल, कुठं एखाद-दोन किलोची सूटही असेल. त्या सवलतीवर मुलीला वाढवलं, तर वरच्या पातळीवर पहिल्याच वर्षी तिची फजिती होते.

मग गट ठरवायचा कसा? आधी दोन-तीन महिने फक्त नोंद ठेवा. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, एकाच काट्यावर वजन घ्या आणि वहीत लिहा. महिन्यातून एकदा उंचीही लिहा. पाळीचे दिवस खुणेने नोंदवा, कारण त्या दिवसांत अंगात पाणी धरून वजन किलोभर वर दिसू शकतं. त्याला घाबरून मुली जेवण सोडतात. अशी वही असली की मुलीचं खरं वजन कळतं. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यातल्या एका आकड्यावरून ते कळत नाही. उंची अजून वाढत असेल, तर गटाचा विचारच खालच्या दिशेने करू नका. आज ५२ ची मुलगी वर्षभरात ५६ ची होणं निरोगी आहे. तिला ४९ मध्ये कोंडणं म्हणजे तिच्या हाडांशी भांडणं.

पूर्ण वाढ झालेल्या मुलीला थोडं वजन कमी करायचंच असेल, तर त्याला वेळेची मर्यादा हवी. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महिन्याभरात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरवताना मरण पावले. प्लास्टिकचे कपडे, उष्ण खोली, पाणी बंद आणि त्यात व्यायाम. त्यानंतर तिथं नियम कडक झाले. प्लास्टिकच्या पोशाखावर आणि सौनावर बंदी आली, आणि आठवड्याला अंगच्या वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त उतरवायचं नाही असं ठरलं. तिथल्या शाळांत मुलींच्या शरीरातली चरबी १२ टक्क्यांखाली जाईल असा गट निवडताच येत नाही. आपल्याकडे असा नियम नसला तरी हिशेब तोच वापरा. ५४ किलोच्या मुलीला आठवड्याला ८०० ग्रॅम, ही वरची हद्द. म्हणजे दोन किलोला तीन आठवडे. "चार दिवसांत करून देतो" म्हणणाऱ्याला नाही म्हणा, मग तो कितीही मोठा मल्ल असो.

गोळीचं तर नावच नको. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या गावोगावच्या औषध दुकानांत मिळतात आणि एका दिवसात काटा खाली आणतात. त्या उत्तेजकविरोधी नियमांत स्पर्धा असो वा नसो, बाराही महिने बंदी असलेल्या यादीत आहेत. नमुन्यात सापडल्या तर मुलीवर बंदी येते, आणि "गोळी कसली ते मला माहीत नव्हतं" या सांगण्याने ती टळत नाही. शरीरातले क्षार बिघडून हृदयाचे ठोके चुकू शकतात, तो धोका वेगळाच.

पाळीबद्दल आपल्या तालमीत कोणी बोलत नाही, म्हणून इथं मुद्दाम लिहिते. कष्ट भरपूर आणि खाणं कमी, असं लांबलं की शरीर पाळी थांबवतं. काही मुलींना आणि काही मार्गदर्शकांनाही ते सोयीचं वाटतं. ते सोयीचं नाही, ती धोक्याची सूचना आहे. पाळी थांबते तेव्हा हाडं मजबूत करणारी संप्रेरकंही कमी झालेली असतात, आणि हाडांची भरती मुख्यतः याच वयात होते. ज्या मुलीची पाळी सुरू होऊन पुढे सलग तीन महिने बंद राहिली, तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या आणि तोवर वजन कमी करणं थांबवा. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल तरीही न्या. जोडीला वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासा. दम लवकर लागतो, पाय ओढत नाहीत, याचा अर्थ दर वेळी मेहनत कमी पडली असा नसतो. अनेकदा रक्तच कमी असतं.

खुराकाबद्दल तालमीत ज्ञान कमी नाही, पण ते पुरुष मल्लांसाठी रचलेलं आहे आणि महाग आहे. मुलीला बदामाची थंडाई परवडली तर छानच, नाही परवडली म्हणून काही अडत नाही. अंगच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे दीड ग्रॅम प्रथिनं रोज पोटात जावीत. ५२ किलोच्या मुलीला ७५-८० ग्रॅम. दूध, दही, अंडी, मटकी-हरभऱ्याची उसळ, शेंगदाणे, डाळ आणि चालत असेल त्या घरी मासे-चिकन, एवढ्यात ते बसतं. नाचणीची भाकरी हाडांना बरी. पालेभाजीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी लागतं, आणि जेवणाला लागून चहा घेतला की तेच वाया जातं. भात-भाकरी मात्र तोडू नका. मॅटवरची कुस्ती वरिष्ठ गटात तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते, मधे ३० सेकंदांची विश्रांती. एवढ्या वेळात जी झटापट होते ती साखरेवर चालते, आणि साखर येते भात-भाकरीतून.

आता गटांच्या तक्त्याकडे या. वरिष्ठ महिलांमध्ये दहा गट आहेत, पण ऑलिंपिकमध्ये सहाच: ५०, ५३, ५७, ६२, ६८ आणि ७६. ५५, ५९, ६५, ७२ हे जागतिक स्पर्धेत आहेत, ऑलिंपिकमध्ये नाहीत. वर जावं तसं गटांमधलं अंतर वाढतं. ६२ नंतर थेट ६८, मग ७६. तक्ता बदलतोही. साक्षी मलिकने रिओत कांस्य जिंकलं ते ५८ किलोत. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला कुस्तीगीर. पुढे गट बदलले, ५८ राहिलाच नाही. ५७ आणि ६२ यांतून साक्षी ६२ मध्ये गेली आणि २०२२ च्या बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल सुवर्ण घेऊन आली. चौदा-पंधराव्या वर्षी "हिचा गट ५० चा" अशी खूणगाठ बांधण्यात अर्थ नाही, तो गट ती विशीची होईपर्यंत असेल की नाही हेही सांगता येत नाही.

वजनदार मुलींच्या पालकांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. जाड म्हणून हिणवली गेलेली पोर कुस्तीत मागे पडत नाही. रितिका हुडा ७६ किलोत लढते. २०२३ मध्ये ती तेवीस वर्षांखालची जगज्जेती झाली, तो मान मिळवणारी पहिली भारतीय मुलगी. आपल्याकडे २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. तसल्या मानाच्या कुस्तीसाठी भरलेलं अंगच लागतं. आणि आपले खाशाबा जाधव आठवा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते फ्लायवेट गटात उतरले आणि सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला ते एक गट वर, ५७ किलोच्या बँटमवेटमध्ये लढले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक गोळेश्वरला आलं.

खाली जाणं म्हणजे दर वेळी चूकच, असं मात्र नाही. जपानच्या काओरी इचोने तीन ऑलिंपिक सुवर्णं ६३ किलोत आणि चौथं रिओत ५८ किलोत जिंकलं. सलग चार ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती जगातली पहिली महिला. पण तेव्हा ती ३२ वर्षांची होती, वाढ कधीच पूर्ण झाली होती आणि शरीर तिच्या पुरतं ओळखीचं होतं. इचोचं उदाहरण तुमच्या नववीतल्या मुलीला लागू करू नका.

पालक घाई का करतात, हे मला समजतं. पदकाला गुण मिळतात, क्रीडा प्रबोधिनीची आणि शिष्यवृत्तीची दारं उघडतात, पुढे सरकारी नोकरीतलं ५ टक्के क्रीडा आरक्षण दिसत असतं. कोरडवाहू शेतीवरच्या घराला हे सगळं मोलाचं आहे. पण सतरा वर्षांखालच्या गटात वजन तोडून आलेलं पदक पुढच्या वर्षी परत येत नाही, कारण मुलगी तोवर कुस्तीला कंटाळलेली असते किंवा दुखापतीत बसलेली असते. त्याच घाईतून जन्मतारखेचा खोटा दाखलाही काढला जातो. तो पुढे उघडा पडतो आणि शिक्षा मुलीला होते.

स्पर्धेच्या दिवशी काही साध्या गोष्टी सांभाळा. सिंगलेट घालूनच वजन होतं आणि त्याच्या वजनाची सूट मिळत नाही, म्हणून घरीही ती घालूनच वजन पाहा. आंतरराष्ट्रीय नियमात ठरलेल्या वेळेत मुलीला रांगेने कितीही वेळा काट्यावर चढता येतं. पहिल्याच वेळी काटा वर दिसला तर घाबरून रडत बसू नये, वेळ शिल्लक असते. नखं कापलेली हवीत. अंगावर नायटा किंवा पुळ्या असतील तर वैद्यकीय तपासणीत अडवतात, तेव्हा तालमीतून आल्या आल्या अंघोळ, स्वतःचा टॉवेल आणि रोज पुसलेली मॅट या गोष्टी हट्टाने पाळा. वजन झाल्यावर एकदम पोटभर जेवू नये. आधी मीठ-साखर-पाणी थोडं थोडं, मग केळं, भात-डाळ असं हलकं.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात गरजेचं. कुस्तीत मुलीचं शरीर सतत दुसऱ्याच्या नजरेखाली असतं. काय खाल्लं, किती भरली, पाळी कधी आली, पकड कशी धरायची, सगळ्यावर कोणीतरी बोलतं आणि ऐकणं हाच तिचा गुण मानला जातो. २०२३ मध्ये विनेश, साक्षी आणि त्यांचे सहकारी लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन जंतरमंतरवर बसले. भारतीय कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर दिल्लीच्या न्यायालयाने मे २०२४ मध्ये आरोप निश्चित केले. ऑलिंपिकपर्यंत पोचलेल्या खेळाडूंना रस्त्यावर बसावं लागलं, तर तालुक्यातल्या चौदा वर्षांच्या मुलीची काय कथा? "मला चक्कर येतेय, मी आज वजन तोडणार नाही" हे जिला बोलता येतं, तिलाच "हा हात मला नको" हेही बोलता येईल. वजनाच्या खोलीत महिला पंच आहे का, बाहेरगावच्या स्पर्धेला संघाबरोबर बाई आहे का, मुक्कामाची सोय कुठं आहे, हे पालकांनी दर वेळी विचारावं. विचारलं म्हणून ज्या तालमीत राग येतो, तिथं मुलगी ठेवू नये. अठरा वर्षांखालच्या मुलीवर अत्याचार झाला तर पोक्सो कायदा लागू होतो, आणि तिला स्वतःला कुठूनही फोन करता येईल असा मदतीचा क्रमांक १०९८ आहे. तो तिला पाठ करून द्या.